भूपाल मगदुमांनी न पाहिलेला सिनेमा

भूपाल मगदुमांना जाऊन अकरा आठवडे झाले होते, आणि मिरजेच्या निनाद रसिक मंडळाच्या मते त्यांनी अजून सिनेमा पाहिलेला नव्हता.

हे सांगायला मंडळाच्या अध्यक्ष घोरपडेबाई स्वतः आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हातात एक पातळ निळी वही. घर आवरायला पुण्याहून आलेल्या मगदुमांच्या मुलीने, पद्मजाने, खुर्चीवरचे अण्णांचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, बाईंना चहा दिला, आणि त्या काय म्हणतायत ते समजून घ्यायचा प्रयत्न केला.

"कलम सात," घोरपडेबाई म्हणाल्या. "सर्व सभासदांचा सिनेमा पाहून होईपर्यंत कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सभा नाही, चर्चा नाही, हावभाव नाहीत. 'हावभाव' हा शब्द तुझ्या वडिलांनी घालायला लावला. आपले कोरे आहेत ना, ते भुवया फार उडवतात म्हणून."

"पण बाई, अण्णा तर आता..."

"कळतंय मला. मी होते तिथे." त्यांनी पान उलटलं. "कलम नऊ. सभासदत्व फक्त सभासदाच्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या राजीनाम्याने संपेल, अन्य कोणत्याही कारणाने नाही. हेही त्यांचंच. दुसऱ्या भागाच्या वेळी भांडणात चौघांनी एकमेकांना काढून टाकलं होतं, तेव्हा लिहिलं. मरणाचं घालायचं राहिलं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मग कलम बदला."

"त्याला सभा लागते. आणि सभेला कलम सात आडवं येतं."

पद्मजा एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. नियमांत माणसं कशी अडकतात ते ती रोज पाहायची. पण साठी ओलांडलेली दहा शहाणी माणसं एका सिनेमावर बोलता येत नाही म्हणून दहा आठवडे तोंड मिटून बसली आहेत, हे तिलाही नवं होतं. बँकेतून निवृत्त झालेले कोरे आपल्या तोंडून काहीतरी निसटेल या धास्तीने बहिणीकडे बेळगावला जाऊन राहिले होते. दस्तगीर सतारमेकरांनी दुकानाबाहेर पाटी लावली होती, 'तंबोऱ्याखेरीज इतर विषय काढू नये.' खुद्द घोरपडेबाई रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन आपलं म्हणणं तुळशीला सांगत होत्या. तुळस सभासद नव्हती.

"मी काय करू म्हणता?"

"त्यांना सिनेमा दाखव," घोरपडेबाई म्हणाल्या, आणि चहाची बशी खाली ठेवली. "तेरा दिवस उरलेत."

*

ही 'निनाद' मालिका तीन भागांची. रत्नपूर नावाच्या शहरातला, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक साधा माणूस. एका अपघातानंतर त्याला भोवतालचे सगळे आवाज अंगात साठवता येतात आणि हवे तेव्हा, हवे तिथे सोडता येतात. त्याच्यासमोर मौनी, ज्याला साऱ्या जगाचा आवाज कायमचा बंद करायचा आहे. पहिला भाग नऊ वर्षांपूर्वी आला. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले अण्णा त्या दिवशी केवळ उन्हापासून सुटका म्हणून थिएटरात शिरले होते. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बाहेर आले ते शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाशी भांडतच. तो अनोळखी माणूस म्हणजे दस्तगीर सतारमेकर. तीन पिढ्यांचा तंबोरे बनवायचा धंदा. आवाज या विषयावर इतर कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

भांडणाचा मुख्य मुद्दा एकच आणि नऊ वर्षं तोच. तिसऱ्या भागाच्या शेवटी निनाद मरणार की जगणार. अण्णांचं म्हणणं, मेलाच पाहिजे. साठवलेला सगळा आवाज सोडल्याशिवाय मौनी हरत नाही, आणि सगळा आवाज सोडला तर छातीत ठोका कुठला राहणार. त्यांनी यावर चौदा पानं लिहिली होती, नकाशासकट. निनाद बंधाऱ्याच्या तिसऱ्या दरवाजावर, पाण्याकडे तोंड करून पडेल. दस्तगीरचाचांचं म्हणणं, जगलाच पाहिजे. तार तुटली म्हणून तंबोरा कुणी जाळत नाही. त्यांची तीन पानं होती, तीही मोठ्या अक्षरात.

हरणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून जिंकणाऱ्याची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची, ही मंडळाची रीत. पहिल्या भागाच्या वादात चाचा हरले, तेव्हा ते टेबलावर उभे राहून वाचत होते. दुसऱ्या भागाला अण्णा हरले, तेव्हा खुर्चीवर. तिसऱ्यासाठी, सगळ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून, पाट ठरला होता.

हे सगळं पद्मजाला साधारण ठाऊक होतं. अण्णा दर रविवारी फोन करून सांगायचे. ती फोन टेबलावर ठेवून पुस्तकांच्या याद्या तपासत बसायची आणि अधूनमधून "हं" म्हणायची.

*

सिनेमागृहाचे व्यवस्थापक इराण्णा हुक्केरी यांनी तिला आपल्या खोलीत बसवलं. गेली सहा वर्षं सिनेमागृहातल्या खुर्च्यांना मनगटाचे पट्टे होते. पट्टा नाडी मोजायचा, तळहाताचा घाम मोजायचा. डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यातला कॅमेरा बाहुली केव्हा मोठी झाली आणि केव्हा लहान, ते टिपायचा. असे सहा वर्षांतले सगळे सिनेमे एकत्र केले की त्या माणसाचा ठसा तयार होई. कशाने त्याचा श्वास अडकतो, कशाला तो कंटाळतो, कुठे त्याला आतून हसू येतं आणि तो दाबतो, सगळं त्यात उतरायचं.

'निनाद'चा तिसरा भाग या ठशांवर चालणारा पहिला मोठा सिनेमा होता. त्याला एक अशी कथा नव्हतीच. चाळीस वळणं होती, आणि दर वळणावर यंत्र समोरच्या माणसाचा ठसा पाहून पुढचा रस्ता निवडे. दोन प्रसंगांमधला सांधा जुळेना तर नटाच्या परवानगीने घेतलेल्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून तो तिथल्या तिथे घडवे. चाळीस माणसं एका दालनात शेजारी शेजारी बसत आणि चाळीस सिनेमे पाहत. एक जण खो खो हसायचा तेव्हा त्याच्या शेजारचा डोळे पुसत असायचा.

"म्हणजे ज्याला जे आवडतं ते दाखवतं?" पद्मजाने विचारलं.

"नाही हो. तसं असतं तर सोपं होतं." हुक्केरींनी थोडा विचार केला. "पंगतीत चांगला वाढपी असतो बघा. तुम्ही नको नको म्हणता. तो तुमच्या तोंडाकडे लक्षच देत नाही. ताटाकडे बघतो, डोळ्यांकडे बघतो, आणि वाढून पुढे जातो. हे यंत्र तसं आहे. तुम्ही काय म्हणता ते त्याला माहीतच नसतं."

"अण्णांचा ठसा आहे अजून?"

"आहे. मृत्यूची नोंद झाल्यापासून नव्वद दिवस ठेवतात, मग पुसतात. वारसाने अर्ज केला तर तो एकदा चालवता येतो. पण बाई, नाडीशिवाय यंत्र सुरू होत नाही. पट्ट्यात कुणाचातरी जिवंत हात लागतो."

"माझा चालेल?"

"चालेल की. पण मग सिनेमा दोघांचा होणार. सुरुवातीला ठशाचं ऐकेल. जसजसा पुढे जाईल तसतसं हाताचंही ऐकायला लागेल."

"शेवटी कुणाचा किती, ते कळतं का?"

"आपल्याला नाही कळत," हुक्केरी म्हणाले. "यंत्रालाही नाही. त्याच्या लेखी खुर्चीत एकच माणूस असतो."

नक्कल मिळेल का, असं तिने विचारलं. ते हसले. दर माणशी एक सिनेमा साठवायचा म्हणजे गोदामं पुरायची नाहीत. एकदा दाखवला की संपला. पाहणारा सांगेल तेवढंच खरं.

*

हात कुणाचा, यावर मंडळात बरीच कुजबूज झाली. ती सभा नव्हती, म्हणून सगळे दस्तगीरचाचांच्या कारखान्यात वेगवेगळ्या कामाच्या निमित्ताने एकाच वेळी आले होते. सुकत घातलेल्या भोपळ्यांमध्ये जागा करून जो तो बसला.

"नाडी न हलणारा माणूस पाहिजे," घोरपडेबाई म्हणाल्या. "म्हणजे मगदुमांचा ठसा शुद्ध राहील."

सगळ्यांनी मुद्दाम बेळगावहून बोलावून घेतलेल्या कोऱ्यांकडे पाहिलं. कोरे दोन्ही भागांना पहिल्या वीस मिनिटांत झोपले होते.

"मी झोपत नाही," कोरे म्हणाले. "डोळे मिटून ऐकतो."

"घोरत ऐकता," चाचा म्हणाले.

"तुमच्या बोलण्यापेक्षा घोरणं बरं."

"आणि तिसऱ्या भागाला..." कोणीतरी सुरुवात केली.

"कलम सात," घोरपडेबाई म्हणाल्या, आणि तो माणूस एका भोपळ्याकडे बघत राहिला.

शेवटी चाचांनी सुचवलं की आधी पद्मजाची परीक्षा घ्यावी. पुढचे दोन दिवस तिने कारखान्यात बसून पहिला आणि दुसरा भाग पाहिला, आणि चाचा तिचं मनगट धरून शेजारी बसले. आयुष्यभर तारा लावलेली त्यांची बोटं. नाडी मोजायला त्यांना घड्याळही लागत नव्हतं. रत्नपूरचा पूल कोसळला, नाडी सहासष्ट. निनादच्या गुरूला मौनीने मारलं, सहासष्ट. पन्नास हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली तेव्हा तिने जांभई दिली.

"अगं, काहीतरी वाटू दे," चाचा म्हणाले. "मला वाटतंय मी मेलेल्याचा हात धरलाय."

दुसऱ्या भागाच्या शेवटी बंधाऱ्याचा दरवाजा उघडून पूर आला.

"इथे तुझा बाप उठून उभा राहिला होता," चाचा सहज म्हणाले. "भर थिएटरात. 'हा दरवाजा असा उघडत नाही, हा वर उचलला जातो' म्हणून ओरडला. मागचे म्हणाले, आजोबा बसा. बसला नाही. दिग्दर्शकाला पत्र लिहिलं, आकृती काढून. उत्तर आलं नाही, तर स्मरणपत्र पाठवलं."

मग चाचांनी बोटं जरा घट्ट केली. थोड्या वेळाने त्यांनी तिचा हात सोडून दिला.

"ब्याण्णव," ते बाकीच्यांना म्हणाले. "सिनेमा हिला काही करत नाही. बाप करतो. हिलाच पाठवा."

"पण मग ठसा शुद्ध कसा राहील?" घोरपडेबाईंनी विचारलं.

"घरात बाप-लेकीचं बोलणं काय वेगळं वेगळं मोजता येतं का, बाई?"

एक गोष्ट मात्र आधीच ठरून गेलेली होती. प्रत्येकाचा सिनेमा वेगळा असणार हे जाहीर झालं, त्या दिवशीच अण्णा आणि चाचांनी निळ्या वहीत सही केली होती. दोघांपैकी प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या स्वतःच्या सिनेमात खरं ठरलं पाहिजे. अण्णांच्या सिनेमात निनाद मेला तर अण्णा जिंकले. चाचांच्या सिनेमात जगला तर चाचा. वहीतली ती सही अण्णांच्या शेवटच्या काही सह्यांपैकी एक होती, नेहमीसारखीच खाली दुहेरी रेघ ओढलेली.

परत निघताना पद्मजाने अण्णांची चौदा पानं मागून घेतली. कारखान्याच्या पायऱ्यांवर बसून ती तिथेच वाचली, आणि घरी जाऊन पुन्हा एकदा.

*

गुरुवारी सकाळी साडेनऊचा खेळ. तिने पट्टा बांधला, चष्मा चढवला. चष्म्यात आधी अक्षरं आली, 'सुस्वागतम्, भूपाल मगदूम.' हुक्केरींनी ते बंद करायला सांगितलं होतं, पण राहून गेलं असावं.

पहिला तासभर तिला तो सिनेमा ओळखीचाच वाटला, जणू कुणीतरी फोनवर सांगितलेला. मारामाऱ्या थोडक्यात आटोपल्या. त्याऐवजी रत्नपूरच्या नगरपालिकेत पाण्याच्या वाटपावर लांबलचक चर्चा झाली, आणि ती खरोखर रंगली. मौनी हा पूर्वी पाटबंधारे खात्यातच कामाला होता आणि त्याची बढती अडवली गेली होती, हेही कळलं. प्रत्येक नदी नकाशात वाहते त्या दिशेनेच वाहत होती.

मग बंधारा आला. निनाद तिसऱ्या दरवाजाकडे धावला. एक म्हातारा कर्मचारी, ज्याचा कथेशी काही संबंध नव्हता, मध्येच आडवा आला आणि म्हणाला, "थांबा. हा दरवाजा वर उचलला जातो." आणि दरवाजा संथपणे, साखळ्या करकरत, वर उचलला गेला.

पद्मजा मोठ्याने हसली. दालनात तिच्या डाव्या हाताला कुणीतरी हुंदके देत होतं, पुढे कुणीतरी किंचाळलं. तिचं हसू काही केल्या थांबेना. पट्ट्याखाली मनगट धडधडत होतं आणि ते आवरायला दीर्घ श्वास घ्यावा, हेही तिला सुचेना.

निनादने साठवलेला सगळा आवाज सोडला. मौनी हरला. निनाद पाण्याकडे तोंड करून पडला, अगदी नकाशातल्या जागी. तिने मनात म्हटलं, जिंकलात अण्णा.

आणि निनादने डोळे उघडले.

त्याचा आवाज गेला होता. बाकी काही झालं नव्हतं. तो उठला, ओल्या कपड्यांनी चालत घरी गेला, कपडे वाळत टाकले. कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीनंतर त्याने दूरच्या शहरातल्या बहिणीला फोन लावला. ही बहीण आधीच्या दोन्ही भागांत कुठे नव्हती. तिने फोन ओट्यावर ठेवलेला असावा, कारण भाजी चिरल्याचा आवाज येत होता. "हं," ती म्हणाली. निनाद काही बोलला नाही, बोलू शकत नव्हता. "हं," ती पुन्हा म्हणाली. चिरणं चालू. मग ते थांबलं. हात पुसल्याचा आवाज, आणि फोन उचलल्याचा.

"बोल ना," बहीण म्हणाली. "ऐकतेय मी."

निनाद फोन कानाला लावून उभा राहिला. कुकरची वाफ हळूहळू खाली बसली. तेवढ्यावर सिनेमा संपला.

चष्मा काढल्यावर बराच वेळ पद्मजा तिथेच बसून होती. झाडणारी बाई पाय उचला म्हणाली, तेव्हा तिने पाय उचलले. दाराशी हुक्केरी उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि शेवट विचारला नाही.

"हे शेवटचं अण्णांमुळे आलं की माझ्यामुळे?"

"बाई, मी सांगितलं ना."

"हो. सांगितलंत."

"मंडळात काय सांगायचं ते सांगा," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे नोंद नसते. मगदूम साहेब जिंकले तर आम्हालाही आवडेल. दर सिनेमानंतर आम्हाला चुकांची यादी द्यायचे."

रविवारच्या सभेपर्यंत तीन दिवस होते. या तीन दिवसांत तिने अण्णांची दोन कपाटं रिकामी केली आणि मनाशी पक्कं केलं की मेला म्हणायचं. नऊ वर्षं तो माणूस जे म्हणत आला, ते त्याच्या माघारी त्याच्याच मुलीने खोडायचं, ते कशाच्या जोरावर? एका पट्ट्याच्या. तोही तिच्या हाताला बांधलेला. ज्या वादात ते स्वतः उत्तर द्यायला हजर नाहीत, त्यात ते हरणार नाहीत, एवढं ती त्यांच्यासाठी करू शकत होती. इतके रविवार फक्त "हं" म्हटल्यावर हे एक वाक्य फार नव्हतं.

*

सभा चाचांच्या कारखान्यात अकराला सुरू झाली. घोरपडेबाईंनी वही उघडून सर्व अकरा सभासदांचा सिनेमा पाहून झाल्याचं जाहीर केलं आणि पुढची चाळीस मिनिटं कुणाला कुणाचं ऐकू आलं नाही. दहा आठवडे अडवलेलं पाणी होतं ते. कोऱ्यांच्या सिनेमात, ते झोपतात हे यंत्राला माहीत असल्यामुळे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते स्फोट होते. ते म्हणाले की आयुष्यात असा छळ झाला नाही. घोरपडेबाईंच्या सिनेमात मौनी शेवटी सर्वांची माफी मागतो, लेखी. एका काकूंच्या सिनेमात निनादचं लग्न होतं आणि त्यात सव्वा तास जातो. जो तो आपलाच सिनेमा खरा म्हणत होता, आणि बाकीच्यांचे ऐकून चकित होत होता.

मग बाईंनी पट्टी आपटली. "आता मुख्य विषय. सतारमेकर आणि मगदूम. वयाने मोठे आधी."

पाट मांडलेला होता. चाचा त्यावर चढले नाहीत, शेजारी उभे राहिले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"मेला," ते म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही.

"माझ्यात मेला तो. तिसऱ्या दरवाजावर. नऊ वर्षं मी सांगतोय जगणार, आणि माझ्या डोळ्यांसमोर मेला. उठेल म्हणून वाट बघितली. नावं आली, दिवे लागले, तरी बसून होतो." त्यांनी टोपी फिरवली. "भूपालला जाऊन बारा दिवस झाले होते. तेव्हा जायला नको होतं मी. पण ठरलं होतं ना, पहिल्या रविवारी जायचं. तो असता तर ओढूनच नेला असता."

कोऱ्यांच्या भुवया जागच्या जागी राहिल्या.

"तर मी हरलो," चाचा म्हणाले. "लिहा बाई. आता पोरीला विचारा."

पद्मजा उठली. काम सोपं झालं होतं. चाचा हरलेच होते. आता तिने दोन अक्षरं उच्चारली की अण्णा जिंकत होते, कायमचे, आणि विचारणारं कुणी नव्हतं. तिने चाचांकडे पाहिलं. हा माणूस ती दोन अक्षरं दहा आठवडे एकटा पोटात ठेवून बसला होता. त्यालाही खोटं सांगता आलं असतं. त्याच्याही सिनेमाची नोंद कुठे नव्हती.

"जगला," ती म्हणाली.

"काय?" घोरपडेबाई म्हणाल्या.

"जगला. नकाशातल्या जागीच पडला, आणि उठून घरी गेला. आवाज गेला फक्त. कुकर लावला त्याने."

"कुकर," चाचा म्हणाले.

"तीन शिट्ट्या."

"भूपालच्या सिनेमात?"

"माझा हात होता, चाचा. त्यांचं किती आणि माझं किती, माहीत नाही. पण मी खोटं सांगणार होते. आता नाही सांगत."

कोरे म्हणाले की ही साक्ष भेसळीची आहे, ग्राह्य धरू नये. काकू म्हणाल्या की कुकरवरून तर मगदूमच वाटतात, दिवसातून दोनदा भात लागायचा त्यांना. चाचांनी दोघांनाही हाताने गप्प केलं.

"दरवाजा कसा उघडला?" त्यांनी विचारलं.

"वर."

चाचा खाली बसले, भोपळ्यांच्या मधल्या जागेत, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "लबाड साला," ते म्हणाले. "नऊ वर्षं माझ्याशी भांडला. आणि आत हे होतं."

"आत काय होतं ते सिद्ध झालेलं नाही," पद्मजा म्हणाली. आपला आवाज चढलाय हे तिच्या लक्षात आलं. "चौदा पानं आहेत त्यांची."

"म्हणजे दोघंही हरले," घोरपडेबाई वही चाळत म्हणाल्या. "याला कलम नाही."

"रीत आहे की," चाचा म्हणाले. "हरणाऱ्याने वाचायचं. त्याची पानं मी वाचतो, माझी ही वाचेल."

पद्मजाने आधी वाचली. तीनच पानं, मोठ्या अक्षरातली, पाच मिनिटांत संपली. मग चाचा कोऱ्यांच्या खांद्याला धरून पाटावर चढले आणि चष्मा लावून त्यांनी अण्णांचं पहिलं पान उघडलं. अक्षर ड्राफ्ट्समनचं, सरळ उभं. चाचांनी ते आधी कुरकुरत वाचलं, मग नुसतं वाचलं, मग सावकाश. चौथ्या पानावर आवाजाच्या वेगाचं गणित होतं. दरवाजापासून गावापर्यंत आठशे सोळा मीटर, म्हणजे दोन पूर्णांक चार सेकंद. तेवढ्या वेळात निनादची छाती रिकामी होते. चाचा थांबले, मनाशी काहीतरी मोजलं.

"च्यायला," ते म्हणाले. "बरोबर आहे की हे. मरायलाच पाहिजे तो."

"मरायला का पाहिजे?" पद्मजा म्हणाली. "साठवलेला आवाज गेला, स्वतःचा ठोका थोडाच साठवलेला होता? तो तर जन्मापासून चालूच असतो. अण्णांनी पहिल्याच पानावर दोन्ही एकत्र धरलेत, आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं केलंय."

"त्याने विचार करून धरलंय ते."

"चुकलंय, चाचा. तुमचं तीन पानांतलं बरोबर होतं. नीट मांडता आलं नाही तुम्हाला, एवढंच."

"अगं, तो ठोका म्हणजे आवाजच ना? मग तो साठ्याबाहेरचा कसा?"

"तंबोऱ्याची तार थांबली म्हणून वाजवणाऱ्याचा हात थांबतो का?"

घोरपडेबाईंनी पट्टी आपटली. जेवणाची वेळ होऊन गेल्याचं कुणीतरी म्हणालं. चाचांनी पाटावरूनच एक बोट वर केलं.

"तू मध्ये बोलू नकोस," ते पद्मजाला म्हणाले. "दहा पानं बाकी आहेत त्याची. आधी त्याचं होऊ दे, मग तुझं काय ते सांग."

"वाचा," ती म्हणाली, आणि लिहून घ्यायला कोऱ्यांच्या खिशातलं पेन मागितलं.